बेडकीचा पाला

ठक्. मग बराच वेळ काहीच नाही. पुन्हा ठक्.

अजून फटफटलं नव्हतं. आळेफाट्यावरचे ट्रकसुद्धा या वेळेला जरा दम खातात, त्यामुळे घरात इतकी शांतता होती की शेजारी झोपलेल्या पोरीचा, समृद्धीचा, श्वास पुष्पाला ऐकू येत होता. पुष्पा पडल्या पडल्या कान देऊन राहिली. स्वयंपाकघरात आई खलबत्त्यात पाला कुटत होती. खलाखाली टॉवेलाची घडी घातली होती, ते आवाजावरूनच कळत होतं. पुष्पाला जाग येऊ नये म्हणून. लेकीला कळू नये म्हणून.

उठावं, जाऊन खल उचलून माळ्यावर टाकावा, असं तिच्या मनात आलं. गोळ्या चालू आहेत तोवर पाल्याला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं आणि आईनंही नंदीबैलासारखी मान डोलावली होती. पण समृद्धीचा ऊबदार पाय पोटावर पडलेला, बाहेर मार्गशीर्षातली थंडी, आणि तो आवाज... त्या आवाजानं पुष्पाला पार तळेघरच्या पलीकडं, वरच्या वाडीत नेऊन सोडलं. एवढं ऐकते आणि उठते, असं म्हणत ती तशीच पडून राहिली.

वाडीत तिला जाग यायची ती याच आवाजानं. उजाडायच्या आत आई, सारजाबाई, कांबळं पांघरून रानात गेलेली असायची. ओढ्याच्या वरच्या अंगाला करवंदीच्या जाळीवर बेडकीचा वेल चढलेला होता. नवख्याला तो दिसायचाही नाही. पानाला ना रूप ना वास. आई त्याच्या बुडाशी चिमूटभर नाचणीचं पीठ टाकायची, कुणासाठी पाला नेतेय त्या माणसाचं नाव सांगायची आणि मगच हात लावायची. कधीमधी पुष्पा तिच्या मागं जायची.

"वेलाला कशाला नाव सांगायचं गं? त्याला कुठं ऐकू येतंय?"

"उगं तोडला तर निस्ता पाला. नाव सांगून तोडला तर औशिद," आई म्हणायची. "आन् नाव घेतलं की आपल्याला बी ध्यान ऱ्हातं, कुणाच्या पोटात जायाचा हाय त्ये."

साखरेच्या आजारावर पाला घ्यायला लांबून लांबून माणसं यायची. घोडेगावची, शिनोलीची, आहुप्याकडचीही. एसटी तळेघरात सोडायची आणि पुढं चालत. आई कुणाकडून काही घ्यायची नाही. नवीन माणूस आला की आधी त्याला ओट्यावर बसवायची, एक पान स्वतः चावायची, एक त्याला चावायला द्यायची आणि मग त्याच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवायची. "आता खावा."

माणूस खायचा आणि त्याचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. बेडकीचं पान चावल्यावर जिभेला गोड कळतच नाही. गूळ म्हणजे निव्वळ ढेकूळ, साखर म्हणजे वाळू.

हौशीरामतात्या पहिल्यांदा आले तो दिवस पुष्पाला आजही आठवत होता. तात्या म्हणजे सात घरचा चहा प्यायलेला माणूस. गूळ तोंडात टाकला आणि थू थू करत उठले.

"सारजे, माती चारतीस व्हय गं मला?"

"गूळच हाय तो तात्या. पाला खरा का खोटा, त्ये जिभंनं बघायाचं असतंय."

"आरं देवा! आन् आता मी चा कसा पिऊ?"

"पिऊ नगा. त्येच तर औशिद हाय!"

ओट्यावरची माणसं पोट धरून हसली होती. पोरांना तर तो खेळच झाला होता. पुष्पा फ्रॉकच्या खिशात पानं घालून शाळेत न्यायची, मैत्रिणींना चावायला लावायची आणि मग कुणाच्या तरी वाढदिवसाच्या गोळ्या खाऊन सगळ्या मिळून थुंकायच्या. रात्री मात्र आईच्या कुशीत शिरलं की तिच्या हातांना येणारा तो हिरवट, कडसर वास नाकात जायचा आणि लगेच झोप लागायची.

अशा बाईलाच साखर व्हावी! वडील, सावळेराम, गेल्यावर आई वाडीत एकटीच राहत होती. राहत होती म्हणजे काय, दोन माणसांचं काम एकटी ओढत होती. यंदा भात झोडता झोडता खळ्यातच घेरी येऊन पडली. शेजारच्या भागूचा फोन आला तसा सुदर्शन, पुष्पाचा नवरा, गॅरेजात दुरुस्तीला आलेली जीप घेऊन गेला आणि सासूला घेऊन आला. रक्त तपासलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, साखर तर वाढलीच आहे, शिवाय कोलेस्टेरॉलही, म्हणजे रक्तातली चरबी.

"चरबी?" सारजाबाईनं आपलं मनगट पुढं केलं. "बाय, ह्या हाडावं मूठभर मास न्हाई, आन् रगतात चरबी कुठनं आली? दुसऱ्या कुणाचं रगत तपासलंय तुमी."

घरी आल्यावर सुदर्शननं चेष्टा केली, "मामी, आख्ख्या तालुक्याची साखर उतरवली तुमी. ती सगळी तुमच्याच अंगात शिरली बघा."

"हसा पावणं, हसा. लोकं बी हसायलीच असतील."

ती हसण्यावारी बोलली, पण पुष्पाला तेव्हाच दिसलं होतं की आईला हे फार लागलंय. पाला देणारीच आजारी पडली, तर पाल्याचं काय राहिलं? आणि गोळी घ्यायची म्हणजे तर हार मानल्यासारखंच. चार भिंतींच्या त्या घरात, गॅरेजच्या वरच्या मजल्यावर, ती पिंजऱ्यात घातल्यासारखी फिरायची. गॅलरीत उभी राहून लांब पश्चिमेकडं बघायची. रोज सकाळी एकच विचारायची, "पुष्पे, मला घरी कवा सोडती?"

शेवटी एकदा पुष्पा वैतागून म्हणाली, "साखर उतरू दे आई. आकडा खाली आला की दुसऱ्या दिवशी सोडते. बास?"

"शबुद दिलास हं."

"दिला."

समृद्धी शेजारी पाटीवर हत्ती काढत बसली होती. तिनंही मान वर करून "दिला" म्हटलं होतं.

आणि आज ती तपासणी होती. उपाशीपोटी रक्त द्यायचं होतं. म्हणून तर ही पहाटेची कुटाकुटी! मागच्या बाजाराला भागू आली, तेव्हा तिच्या पिशवीत वालाच्या शेंगांखाली काय दडलं होतं, ते पुष्पाला आत्ता उमगलं. तिला हसूच आलं. परीक्षेच्या दिवशी पोरं पहाटे उठून घोकतात, तशी आई पाला कुटत होती. पिऊ दे एक दिवस, असंही तिच्या मनात येऊन गेलं. इतकी वर्षं तालुक्यानं प्यायला, कुणाला काय झालं?

ठक्. ठक्.

मग कुटणं थांबलं, आणि थोड्या वेळानं स्टीलचा पेला फरशीवर पडला आणि खणखणत, गोल गोल फिरत कुठंतरी जाऊन थांबला. त्यामागून आईचं "पडला गं बाई" आलं नाही. काहीच आलं नाही.

पुष्पा ताडकन उठली.

सारजाबाई ओट्याला टेकून खाली बसली होती. एवढ्या थंडीत तिचं कपाळ, मान, पोलक्याची पाठ सगळं घामानं निथळत होतं. हात लटलट कापत होते. पाल्याचा रस फरशीवर सांडला होता, पण तो थेंबभरच. बाकीचा आधीच पोटात गेला होता.

"आई? अगं आई, काय होतंय?"

आईनं तिच्याकडं बघितलं, पण ती नजर पुष्पाला ओळखत नव्हती. "आक्का," ती म्हणाली, "गुरं सोडली का गं? दादा वरडल."

आक्का म्हणजे आईची थोरली बहीण. तिला जाऊन जमाना झाला होता.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं पुष्पाला नेमकं त्या क्षणी आठवलं : घाम फुटला, हात कापायला लागले, बोलणं भरकटलं, तर समजायचं की साखर एकदम खाली गेली, आधी तोंडात साखर घालायची, बाकीचं नंतर. तिनं डबा ओढला, चमचाभर साखर आईच्या तोंडात घातली.

थू! आईनं सगळी साखर तिच्या अंगावर उडवली.

"आई, खा गं. साखर आहे!" तिनं पुन्हा चमचा भरला.

"माती... माती नगं आक्का," आई लहान पोरीसारखी तोंड फिरवत म्हणाली आणि तिनं दात घट्ट मिटले.

क्षणभर पुष्पाला काही कळेना. मग आईच्या ओठाच्या कोपऱ्यात चिकटलेला, चावून चोथा झालेला पानाचा तुकडा दिसला. रस प्यायच्या आधी तिनं पान चावून बघितलं होतं. जन्मभराची सवय : पाला खरा की खोटा, ते जिभेनं बघायचं. पाला खरा होता. आणि आता जीव वाचवणारी साखर तिच्या जिभेला माती लागत होती.

दारात समृद्धी डोळे चोळत उभी होती. "आजी थुंकतीये का गं?"

"समू, गॅलरीत जा, पप्पांना हाक मार. मोठ्यानं मार. जा!" सुदर्शन पहाटेच कुणाचा तरी बंद पडलेला टेम्पो बघायला खाली गेला होता.

पुष्पानं पाण्यात मूठभर साखर ढवळली. आईचं डोकं मांडीवर घेतलं, हाताच्या आधारानं उचलून धरलं. पेला ओठाला लावला. दात उघडेनात. "गिळ गं आई, गिळ," ती विनवत होती. पण साखर काय आणि साखरेचं पाणी काय, त्या जिभेपुढं आता सगळं खोटंच होतं. मग तिला एकदम सुचलं. ती वाकली आणि आईच्या कानाशी तोंड नेऊन, वाडीतलं बोलणं बोलली.

"सारजे, पाला हाय. वरल्या वेलाचा हाय. नाव सांगून आणलाय. पी."

दात सुटले.

सारजाबाई घोट घेऊ लागली. एक घोट, थांबली, पुन्हा एक. पुष्पा अंगठ्यानं हळूहळू तिचा गळा चोळत होती. लहानपणी काढा पाजताना आई तिचा चोळायची, तसा. "अजून थोडा पाला हाय. अजून थोडा." खाली सुदर्शनच्या चपला जिन्यात धाडधाड वाजत वर आल्या, तेव्हा पेला रिकामा झाला होता आणि पुष्पाच्या डोळ्यांतलं पाणी आईच्या कपाळावरच्या घामात मिसळत होतं.

दवाखान्यात सलाईन लागलं. दुपारी उन्हं खिडकीशी आली, तेव्हा सारजाबाईनं नीट डोळे उघडले आणि पहिल्यांदा डोक्यावरचा पदर चाचपला. डॉक्टरीणबाई स्टूल ओढून तिच्याजवळ बसल्या. वयानं पुष्पाएवढ्याच होत्या.

"मावशी, गोळी कधी घेतली होती?"

"राती येक. आन् पहाटं येक."

"सकाळची तर रक्त देऊन, खाल्ल्यावर घ्यायची होती ना? आणि रात्री जेवलात का?"

सारजाबाई छताकडं बघू लागली. उत्तर समृद्धीनं दिलं. "आजीनं भाकरी मांजराला घातली. मी बघितलं."

"चहाडखोर कुठली," आजी पुटपुटली.

डॉक्टरीणबाईंना हसू आलं, पण ते त्यांनी लगेच आवरलं. "हे बघा, पाला खोटा असं मी म्हणत नाही. पण कुठल्या पानात किती जोर आहे, ते मला मोजता येत नाही. गोळीचं येतं. दोन-दोन गोळ्या, वर पाला, आणि पोटात अन्नाचा कण नाही! लेक होती म्हणून वाचलात. घरी एकट्या असतात तर?"

सारजाबाईनं बारीक आवाजात विचारलं, "आकडा किती आला?"

"आकडा काय विचारता! पार तळाला गेला होता."

"म्हंजी उतरली न्हवं?" ती उशीवरून मान वळवून पुष्पाकडं बघू लागली. "मग पुष्पे, शबुद दिलावता तू. सोड मला घरी."

सुदर्शन फसकन हसला. पण बायकोचा चेहरा बघून चप्पल नीट करायच्या निमित्तानं खाली वाकला.

घरी आल्यावर मात्र सारजाबाईनं तो विषय काढला नाही. गोळी समोर ठेवली की जेवून घ्यायची. खलबत्ता तिनं स्वतःच धुऊन, पुसून, पालथा घालून ठेवला. पुष्पाला ते बोलणं परवडलं असतं, ही शांतता नको वाटायची. एका दुपारी दोघी गॅलरीत लसूण सोलत बसल्या होत्या. समृद्धी आत झोपली होती.

"पुष्पे, त्या दिशी तू मला काय पाजलंस गं?"

"साखरेचं पाणी."

"म्या तर रस म्हनून प्याले."

"मीच तसं सांगितलं तुला."

आईनं हातातली पाकळी सोलून ताटलीत टाकली. दुसरी घेतली. "बरं केलंस," ती म्हणाली. आणि मग, खाली रस्त्याकडं बघत, "वाडीत माझ्याशी आसं खोटं कोन बोललं असतं? भागी बी बोलली नसती. भागी उठून देवाला नारळ फोडाया गेली असती."

दोघी हसल्या. हसता हसता पुष्पाला जाणवलं की आई गेले काही दिवस हाच हिशेब मनात घोळवत होती. आणि आत्ता, लसूण सोलता सोलता, तिनं तो मिटवला होता. तिला आईचा हात धरावासा वाटला. पण हाताला लसणाचा वास होता, आणि आईच्या हातालाही आता नुसता लसणाचाच.

पुढच्या बाजाराला भागू आली. पिशवीत वालाच्या शेंगा होत्या आणि या वेळी पाला वरच होता; मागच्या खेपेला सारजाबाईनं तो का लपवून आणायला लावला, ते तिला ठाऊकच नव्हतं.

"कवा येती गं सारजे? लोकं दारात येऊन माघारी जात्यात. हौशीरामतात्याचा नातू येऊन गेला. त्याला बी झालीया. एवढासा पोरगा, राव! गोळ्या खातूय, वरनं म्हनतो, आजीकडचा पाला बी पायजे."

"त्याला सांग, गोळी चालू हाय तवर पाला न्हाई."

भागूनं डोळे मोठे केले. "तू सांगती ह्ये?"

"मीच सांगती. सारजीनं सांगितलंय म्हनून सांग. कोन बी आलं, तर आदी इचार, गोळी खातूस का. खात आसंल तर डाक्टरला इचारल्याबिगर पान तोडू नगं. वेलाला नाव बी सांगू नगं त्याचं." ती थांबली. "माझं झालं त्ये बी सांग. लाजायचं न्हाई. सारजी पाला पिऊन मरत व्हती, लेकीनं वडून काढली, आसं सांग."

"आगं पर लोकं काय म्हंतील?"

"म्हनू देत. जित्ती ऱ्हातील न्हवं?"

चहा आला. सारजाबाईनं बिनसाखरेचा घेतला. जायची वेळ झाली तशी ती भागूला पोचवायला एसटी स्टँडपर्यंत आली. पुष्पा आणि समृद्धीही बरोबर होत्या. नारायणगावची गाडी लागली होती. भागू एक पाय पायरीवर ठेवून वळली, तर सारजाबाई पदराच्या टोकाची गाठ सोडत होती. गाठ जुनी, आवळलेली, नखानं सुटेना. शेवटी तिनं दातांनी सोडवली. आत काळी पडलेली लोखंडी चावी होती.

"ही घे."

"मला कशाला? तू येशीलच की—"

"घे म्हनते ना. येक दिस आड चूल पेटीव. निस्ता दिवा लावून भागायाचं न्हाई. धूर न्हाई लागला तर वाशांना वाळवी धरत्ये. वली लाकडं घाल जरा, धूर चांगला व्हतो. आन् पडवीतली कोंबडी तुझ्याकडं ने, घरात शिरू देऊ नगं तिला."

भागूनं चावी घेतली, कपाळाला लावली आणि गाडीत चढली. गाडी फाट्यावर वळेपर्यंत सारजाबाई उभी होती. ताठ, पदर नीट डोक्यावर घेऊन, शेतावरून माणसं परत निघाल्यावर बांधावर उभी राहायची तशी. पुष्पा बघत होती : आईच्या हातात पदराचं ते मोकळं टोक होतं. इतक्या वर्षांच्या गाठीनं चुरगळलेलं. ती ते अंगठ्यानं सपाट करत होती आणि चुणी पुन्हा उठत होती.

"चला," सारजाबाई म्हणाली, "पावणं जेवाया यायचं झालं," आणि पुढं चालू लागली.

समृद्धीनं पुष्पाचा हात ओढला. तिला कधीपासून काहीतरी विचारायचं होतं.

"आई, चावी तर भागूआजीनं नेली. मग आजीला तिच्या घरी जावंसं वाटलं, तर ती दार कसं उघडणार गं?"